खाली वाली डिस्क

सीमंतिनी पोतनीसचा माणसांवर विश्वास होता, जरा जास्तच होता. डिस्कवर मात्र अजिबात नव्हता. डिस्कनं "हो, लिहिलं" असं कळवलं की ही बाई म्हणणार, "बरं, आता परत वाचून दाखव." ग्वाल्हेरच्या फूलबागेजवळच्या एका वाचा-उपचार केंद्रात कॉम्प्युटरचं सगळं तीच बघायची. उशिरा बोलायला लागलेली मुलं, कंपवातानं जीभ जड झालेले म्हातारे, घशाच्या ऑपरेशनआधी आपला आवाज साठवायला आलेली माणसं, सगळ्यांची रेकॉर्डिंग्ज तिच्या एका काळ्या पेटीत, म्हणजे केंद्राच्या सर्व्हरमध्ये, जमा व्हायची. पोतनीस म्हणजे दरबारचा खजिना राखणारे. पूर्वजांनी मोहरा राखल्या, मी लोकांचे आवाज राखते, असं ती हसत सांगायची, पण हसण्यावारी मात्र नेत नव्हती.

हा अविश्वास काही जन्मजात नव्हता. ती नोकरीला लागली तेव्हा केंद्राची पेटी एक्स्ट-फोरवर चालायची. डिस्कवर काय कुठे ठेवलंय याची व्यवस्था बघणारी जी फाइल सिस्टीम असते, तिचा हा सगळ्यात रुळलेला प्रकार. एकदा एका लहान मुलीचं पहिलंवहिलं रेकॉर्डिंग तिच्या आईला ऐकवायला लावलं, तर मध्येच पत्रा खरवडल्यासारखा आवाज. फाइल जागेवर, आकार बरोबर, तारीख बरोबर, तक्रार कुठेच नाही. डिस्कनं केव्हातरी गुपचूप एक तुकडा नासवला होता, आणि बॅकअप इमानेइतबारे त्या नासक्या तुकड्याची नक्कल करत बसला होता. ती आई नुसती उठून गेली. सीमंतिनीच्या ते जिव्हारी लागलं.

मग तिनं दर्पण कॉलनीतल्या घरी जुन्या डिस्कांची परीक्षाच मांडली. दोन-दोन डिस्कांच्या जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला वेगळी फाइल सिस्टीम दिली, दोन्ही डिस्कांवर तीच रेकॉर्डिंग्ज भरली, आणि मग एका डिस्कच्या मधोमध जाणूनबुजून शून्यं लिहून ठेवली. तिच्या मुलीला, अंतराला, वाटलं की आईचं डोकं फिरलं. निकाल मात्र बघण्यासारखा होता. एक्स्ट-फोर आणि एक्सएफएस दोघंही चलाख, भरवशाचे कामगार, पण डिस्क जे हातात देईल ते निमूट पुढे करणारे. चांगल्या डिस्कवरून वाचलं तर गाणं, बिघडलेलीवरून वाचलं तर शून्यं, आणि दोन्ही वेळा आत्मविश्वास सारखाच! बीटीआरएफएसनं, म्हणजे सगळे लाडानं ज्याला बटरएफएस म्हणतात त्यानं, चोरी पकडली. प्रत्येक तुकड्याची पडताळणीची खूण त्यानं वेगळी जपलेली. खूण जुळेना तेव्हा जोडीदार डिस्कवरून बरोबरचा तुकडा आणून त्यानं भोक बुजवलं. चौथ्या जोडीवरच्या झेडएफएसनंही तेच केलं.

या दोघांत निवड करताना तिनं महिना घालवला. बटरएफएस हा पेटी जिच्यावर चालायची त्या लिनक्स प्रणालीच्या घरातलाच, अपडेट आलं तरी कुरकुर नाही. पण जोडीतली एक डिस्क पूर्ण गेली की वेगळं बजावून सांगितल्याशिवाय सुरूच होईना. झेडएफएस बाहेरून आलेला, मेमरी खाणारा, लिनक्सचा गाभा बदलला की रुसून बसणारा. पण बटरएफएस आपल्या तक्रारी नोंदींच्या ढिगात टाकायचा, आणि झेडएफएस विचारलं की सरळ नाव घेऊन सांगायचा: ही फाइल गेली, ती गेली, बाकीच्या ठीक. सीमंतिनीला हा स्वभाव भावला. तिनं झेडएफएस घेतला, गाभ्याचं अपडेट स्वतः तपासल्याशिवाय करायचं नाही असा दंडक घातला, आणि आणखी एक नियम केला: पेटीतून काढलेल्या जुन्या डिस्कवरचं सगळं पुसल्याशिवाय ती टेबलावर ठेवायची नाही. लोकांचे आवाज भंगारात जाता कामा नयेत. नियम चांगला होता. त्यानंच तिचा घात करायचा ठरवला होता, हे तिला बिचारीला काय माहीत.

सीमंतिनीला वाढवलं मंदाआत्यानं. आई लवकर गेली, वडील फिरतीवर, आणि आत्या लग्नच न केलेली, शहराच्या लश्कर भागातल्या एका शाळेत मराठीची मास्तरीण. ग्वाल्हेरात मराठी शिकवायची म्हणजे हिंदीशी रोजची झटापट. "आ रही हूँ"च्या चालीवर "मी येऊन राहिले" म्हटलं की आत्या विचारायची, "येतेस की राहतेस? एक काय ते ठरव." साऱ्या मोहल्ल्याला ती मंदाताई. तिचं बोलणं खणखणीत आणि हसणं त्याहून. वर्गात हसली तर शेजारच्या वर्गातली पोरं माना वर करायची. सीमंतिनीचे वडील गेले त्या वर्षी घरात पहिल्यांदा कुणी हसलं असेल तर आत्याच, आणि ते हसू ऐकून सीमंतिनीला वाटलं होतं, आता जगता येईल.

त्या आत्याच्या स्वरयंत्रात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, आणि गाठ श्वासनळीवर दाबतेय, त्यामुळे तारीख लांबवायची सोय नाही. पुढे मोबाइल तिच्याच आवाजात बोलू शकेल, त्यासाठी वाक्यं आधी बोलून ठेवायला हवीत. त्या आठवड्यात आत्या रोज केंद्रात येऊन बसली. ध्वनिमुद्रण करणारा समरजीत काचेपलीकडून खुणा करायचा, आत्या दोन-चार वाक्यं बोलायची, पाणी प्यायची, घसा बसला की थांबायची. समरजीत रेकॉर्डिंग पेटीत टाकायचा आणि रेकॉर्डरचं कार्ड पुढच्या माणसासाठी मोकळं करायचा. पेटीची बाहेरची नक्कल रविवारी व्हायची. ऑपरेशन शुक्रवारी होतं. म्हणजे आत्याचा सगळा आवाज त्या क्षणी एकाच पेटीत होता. पण पेटीत दोन डिस्का होत्या, दोन्हीवर तेच, आणि वर झेडएफएसची राखण. सीमंतिनी निर्धास्त होती.

शुक्रवारी सकाळी ती आणि अंतरा हॉस्पिटलात आत्यापाशी होत्या, तेव्हा मोबाइलवर पेटीचा निरोप आला: एक डिस्क वाचताना अडखळतेय. ही खालच्या खणातली डिस्क. घाबरण्यासारखं काही नव्हतं, अशा वेळेसाठीच तर जोडी असते. नवी डिस्क कपाटात तयार होती. सीमंतिनीनं कॉरिडॉरमध्ये येऊन समरजीतला फोन लावला. स्ट्रेचर चाललं होतं, कुणी नर्सला हाका मारत होतं, तिनं एका कानावर हात दाबला आणि म्हणाली, "समर, खाली वाली डिस्क काढ आणि नवी लाव. जल्दी कर."

"हो ताई. खाली वाली. आत्ता करतो."

झालं. इतकंच बोलणं.

ती परत आत आली. आत्याला हिरवा झगा चढवला होता, केस टोपीत कोंबले होते, आणि त्या टोपीवरून ती नर्सला काहीतरी ऐकवत होती. सीमंतिनी हसली, तिचा हात हातात घेतला. थोड्या वेळानं समरजीतचा फोन आला. "हो गया ताई. नवी लावली. जुनी पुसायला पण लावून दिली, तुमचा नियम आहे ना."

"शाबास," म्हणत तिनं मोबाइलवरूनच पेटीची स्थिती बघितली. खालची डिस्क जागेवर होती आणि अडखळत होती. वरची, चांगली डिस्क, नाहीशी झाली होती.

ती कॉरिडॉरमध्ये धावली. "समर, कुठली काढलीस?"

"खाली वाली, ताई. जी खाली बसली होती. नीचे वालीची लाइट तर लगातार चालू होती, ती तर काम करून राहिली होती. ऊपर वाली एकदम खाली होती, लाइटच येत नव्हती."

पुण्यातल्या माणसाला हे कळायचं नाही. मराठीत खाली म्हणजे तळाला. हिंदीत खाली म्हणजे रिकामी, बिनकामाची. सीमंतिनी नुसतं "खालची" म्हणाली असती तर काहीही घोटाळा झाला नसता, कारण खालची ही मराठीच. पण "वाली" चिकटवली आणि समरजीतच्या कानानं अख्खा शब्द हिंदीत ऐकला. अन् आजारी डिस्क पुन्हापुन्हा वाचायची धडपड करत होती म्हणून तिचा दिवा फडफडत होता. चांगली आपली शांत बसलेली. त्यानं कामसू दिसणारीला ठेवलं आणि रिकामटेकडीला उपटलं.

"पुसणं बंद कर!" सीमंतिनी ओरडली. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. "बटण नको शोधू, वायर खेच!"

पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग समरजीतचा, बारीक झालेला: "खेचली. पण ताई... चालू करून जरा वेळ झाला होता."

सीमंतिनी भिंतीला टेकली. एक डिस्क मरायला टेकलेली, दुसरी पुढून पुसत आणलेली. आणि आत आत्या, दुपारच्या आत कायमची मुकी होणार. डॉक्टरांना जाऊन सांगावं का, थांबा म्हणून? पण किती थांबा? सगळी वाक्यं पुन्हा बोलायची तर आठवडा जाईल, आणि रात्री आत्याचा श्वास शिट्टीसारखा वाजतो हे तिनंच ऐकलं होतं. काय गेलंय हेच ठाऊक नसताना कुणाला काय सांगणार? तिनं अंतराला बाहेर बोलावलं. "आजीजवळ बस. फोन हातात ठेव. काही विचारलं तर म्हण, आई केंद्रात जाऊन येतेय."

"क्या हुआ, आई?"

"नंतर."

स्कूटर काढली, आणि घाईत जवळचा रस्ता म्हणून दाल बाजारात घातली. याहून मोठा मूर्खपणा नाही, हे तिला पहिल्याच वळणावर कळलं. ट्रकमधून पोती उतरत होती, हातठेले आडवे, हॉर्न वाजवून कुणी हलत नव्हतं. स्वतःचा इतका संताप तिला आयुष्यात कधी आला नव्हता. साधं "खालची" म्हणायला काय झालं होतं जिभेला? तिनं हेल्मेटच्या आत मोबाइल खुपसला आणि समरजीतला सांगायला सुरुवात केली. पेटी बंद कर. आजारी डिस्कला आता काहीही काम देऊ नकोस, तिचे मोजकेच फेरे उरलेत. नवी काढ. पुसलेली परत वरच्या खणात घाल. "वरच्या," ती ठासून म्हणाली, "ऊपर. समजलं? आणि मी आल्याशिवाय चालू करू नकोस."

"समजलं, ताई." तो रडायच्या बेतात होता. एका हमालानं तिच्याकडे बघितलं, पोतं खांद्यावर सावरलं आणि ठेला बाजूला ओढून वाट करून दिली.

केंद्रात पोचली तेव्हा समरजीत पेटीसमोर हात मागे बांधून उभा होता, जणू हात पुढे आले तर आणखी काही मोडेल. त्याच्यावर ओरडायचं तिनं रस्ताभर ठरवलं होतं. त्याचा चेहरा बघून ते राहूनच गेलं. ती खुर्चीत बसली आणि पेटी चालू केली.

जुनी एक्स्ट-फोरची जोडी असती तर इथेच कारभार आटोपला असता. त्या जोडीनं पुसलेल्या भागातली शून्यंही खरी मानली असती, नासके तुकडेही खरे मानले असते, आणि दोन्हींची खिचडी शिजवून "घ्या" म्हणून वाढली असती. झेडएफएस आपली ओळख डिस्कच्या सुरुवातीला लिहितो, तशी शेवटीही लिहितो. पुसणं सुरुवातीपासून चाललं होतं, शेवटपर्यंत पोचलं नव्हतं. डिस्कच्या विभागणीचा आराखडाही पुढचा उडाला होता, पण शेवटची प्रत शाबूत होती. ती तिनं पुढे आणून बसवली. प्रत्येक ओळ दोनदा वाचून मगच ती बटण दाबत होती. मग तिनं जोडी जुळवायला सांगितलं, फक्त वाचण्यापुरती, एक अक्षरही न लिहिता.

पडदा बराच वेळ कोरा राहिला. खालची डिस्क खरखर करत होती.

मग फोल्डर दिसले. त्यात "मंदा पोतनीस" होता.

तिनं नवी डिस्क बाहेरून जोडली आणि फाइली एकेक करून तिच्यावर ओढायला लावल्या. आता दोन अधू डिस्का एकमेकींच्या आधारानं चालत होत्या. एकीवर तुकडा पुसलेला निघाला की झेडएफएस दुसरीकडे जायचा, खूण जुळली तर घ्यायचा, नाही जुळली तर हट्टानं नाकारायचा. काही फाइली झरझर आल्या. काहींवर इतका वेळ लागला की सीमंतिनीनं डोळे मिटून घेतले. मध्येच अंतराचा फोन: "आई, डॉक्टर आले आहेत. बोल रहे हैं, थोड्याच वेळात आत घेणार. तू येतेस ना?"

"त्यांना म्हण, मला आत्याशी फोनवर बोलायचंय. मी सांगेन तेव्हा. तोवर आत नेऊ देऊ नकोस."

"मी कशी थांबवू त्यांना?"

"आजीची नात आहेस ना? थांबव."

शेवटची फाइल झाली. सीमंतिनीनं विचारलं, आणि झेडएफएसनं नेहमीच्या सवयीनं नावं घेऊन उत्तर दिलं. दोन्हीकडे नासलेल्या, परत न येणाऱ्या फाइली. मोजक्याच होत्या. "दार लावून घे." "मला आज बरं वाटतंय." "जेवलीस का?" आणि चौथी, समरजीतनं नाव दिलेली: "मोकळं हसणं".

समरजीतनं सुटकेचा निःश्वास टाकला. "तीन वाक्यं तर फोनवर पण होतील, ताई. हँसी का क्या, मशीनला हसण्याची जरूरत नसते."

खरंच नसते. मोबाइलमधून बोलणारी ती व्यवस्था वाक्यांवरून आवाज बांधते. हसणं तिला बांधता येत नाही. म्हणूनच ते दुसरीकडे कुठेही मिळणार नव्हतं. घरात यापुढे आत्या बोलेल, रागावेल, व्याकरणाच्या चुका काढेल, पण हसेल ती आवाजाविना. सीमंतिनीला हे नको होतं. इतकं नको होतं की तिला स्वतःचीच भीती वाटली.

तिनं फोन लावला. "अंतरा, आत्याच्या मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू कर आणि हा फोन तिच्या कानाला लाव."

"सिमे, कुठे उलथलीस?" आत्याचा आवाज घोगरा होता, पण ठसका तोच. "इथे मला बोकडासारखं सजवून ठेवलंय."

"आत्या, तीन वाक्यं पुन्हा म्हणायची आहेत. ती बिघडली."

का, कशी, आत्यानं विचारलं नाही. मास्तरीणच ती. एकेक वाक्य सीमंतिनीनं सांगितलं, एकेक तिनं म्हटलं. "जेवलीस का?" म्हणताना मात्र ती थांबली आणि पुन्हा म्हणाली, या वेळी हळू, वाक्य म्हणून नाही, खरंच विचारल्यासारखं. सीमंतिनीला रडू फुटलं. तिनं तोंडावर हात दाबला.

"झालं? हे लोक खोळंबलेत."

"एक राहिलंय. आत्या, तुझं हसणं गेलं. हस ना."

"वा ग वा! आत सुऱ्या परजून बसलेत, आणि म्हणे हस. कशावर हसू?"

पलीकडे डॉक्टरांचा आवाज आला, आता चला. ऑपरेशनआधी पेशंटला काही ताण देऊ नका, असं त्यांनी बजावलं होतं. सीमंतिनीला दुसरं काहीच सुचेना, आणि खोटं ती कधीच नीट बोलू शकली नव्हती. तिनं खरं तेच सांगून टाकलं. "आत्या, मी समरला म्हटलं, खाली वाली डिस्क काढ. मला म्हणायचं होतं खालची. त्यानं रिकामटेकडी शोधली, वरची उपटली आणि पुसायला लावली. तुझा सगळा आवाज जाता जाता वाचलाय. एका 'वाली'पायी."

सांगून झाल्यावर सीमंतिनीला वाटलं, आत्याला धक्का बसणार. मेले मी.

"वाली?" आत्या म्हणाली. "तू? तू म्हणालीस, खाली वाली? माझी भाची?"

आणि ती हसली. आधी नाकातल्या नाकात, मग पोटातून, मग तो सगळा खणखणाट, घोगरा, फाटका, गाठीला धडकून बाहेर पडणारा. मागून अंतरा हसायला लागली, नर्सही हसली. हसता हसता आत्याला ठसका लागला, ती खोकली, शिट्टीसारखा श्वास ओढला आणि पुन्हा हसली. "वाली!" ती एवढंच म्हणू शकली. कुणीतरी फोन काढून घेतला, चाकांचा आवाज लांब गेला.

थोड्या वेळानं अंतरानं फाइल पाठवली. समरजीतनं ती ताबडतोब नव्या डिस्कवर ठेवली, दुसऱ्या मशीनवर ठेवली, आणि न सांगता स्वतःच्या लॅपटॉपवरही ठेवली. मग हेडफोन चढवून त्यानं ती ऐकली, डोळे पुसले आणि विचारलं, "ताई, मधला खोकला आणि तो श्वास साफ करून देऊ? दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही," सीमंतिनी म्हणाली. "कशालाही हात लावू नकोस." आणि ती स्कूटरची किल्ली शोधायला लागली.